तो फॉर्म भरला कुणी?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत. सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या गावात त्यांची शाळा मराठी माध्यमातून झाली. शिवाजी विद्यापीठाची बी. ए. आहे, आणि आठ वर्षं त्यांनी बालवाडीत शिकवलं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षांपूर्वी एच-फोरवर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) कॅलिफोर्नियात आल्या. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं आणि प्रीस्कूलमध्ये काम करायचं ठरवून त्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात गेल्या. तिथे नेहमीच्या इंग्रजीच्या वर्गाऐवजी ईएसएलच्या (इंग्लिश ॲज अ सेकंड लँग्वेज), तेही दोन पायऱ्या खालच्या वर्गाची शिफारस निघाली. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता ‘तुम्हाला हेच बरं पडेल’ असं सांगितलं. नवरा म्हणतो, ‘यूट्यूबवरून शीक, पैसे कशाला घालवायचे?’ नववीतली मुलगी आईचे ईमेल दुरुस्त करते आणि करताना हसते. ‘पदवीधर बाईने पुन्हा बाराखडी गिरवायची का? हा वर्ग टाळून थेट पुढच्या वर्गात बसता येईल का? फुकटचा वर्ग घ्यावा की फी भरून? की या वयात नाद सोडावा?’ असे त्यांचे प्रश्न आहेत. ओघात त्यांनी असंही लिहिलंय की ऑनलाइन फॉर्म मुलीनेच ‘पटापट’ भरून दिला.

नमस्कार,

तुमच्या अडीच पानी पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. फॉर्म मुलीने भरला. काउंटरवरच्या बाईंवर तुम्ही अर्धं पान खर्च केलंय, आणि त्यांचं वागणं तुसडं होतं हे मान्यच. पण तुमचा वर्ग त्यांनी ठरवला नाही. कॉलेजनेही फारसा ठरवला नाही.

पूर्वी तसं व्हायचं. कॉम्प्युटरसमोर बसवून परीक्षा घ्यायचे, आलेल्या गुणांवर पायरी ठरायची आणि चार-पाच पायऱ्या चढता चढता माणसं निम्म्यात सोडून जायची. २०१७ साली कॅलिफोर्नियात ‘एबी ७०५’ हा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून तो लागू झाला. विद्यार्थ्याला खालच्या वर्गांत अडकवून ठेवायचं नाही, हा त्याचा गाभा. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी कायद्याने तीन वर्षांचं लक्ष्य घालून दिलं: ईएसएलला सुरुवात केल्यापासून तीन वर्षांत त्यांनी विद्यापीठात चालेल असा इंग्रजीचा वर्ग पुरा केलेला असावा, अशा बेताने वर्गांची आखणी करायची. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी ईएसएलसाठी परीक्षाच काढून टाकली. आता दोन-चार उतारे दाखवतात, काही नमुन्याचे निबंध दाखवतात आणि विचारतात, ‘हे वाचून तुम्हाला कितपत समजलं? असं लिहिता येईल का?’ उत्तरं आपण द्यायची, त्यावरून शिफारस येते. तुमच्या घरी ही उत्तरं चौदा वर्षांच्या मुलीने दिली.

तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तिला तिची आई जेवढी दिसते तेवढं तिने लिहिलं. विमा कंपनीला फोन लावताना ‘जरा तू बोल गं’ म्हणणारी आई तिला दिसते. रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत पंधरा पोरांना जागेवर बसवणारी आई तिने पाहिली असेल, पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसतो. तेव्हा पहिलं काम हे, की तो फॉर्म तुम्ही स्वतः भरा. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. काउन्सेलरला भेटून ‘मला पुन्हा भरायचा आहे’ म्हटलं, तर बहुतेक ठिकाणी भरू देतात.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई आपल्या बाजूने आहे, म्हणजे वर्ग टळला. तर थोडं थांबा.

‘सेकंड लँग्वेज’ या शब्दांनी तुम्हाला लागलंय. एरवी तुम्ही जतच्या बाजाराची भाषा म्हणून कानडी बोलता असं लिहिलंय. मराठी, कानडी, हिंदी आणि मग इंग्रजी. तुमची इंग्रजी दुसरी कुठली, चांगली चौथी आहे. हे नाव फार वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलं आणि चिकटलं, इतकाच त्याचा अर्थ. मला विचाराल तर त्या वर्गाचं नाव ‘कॉलेजात कसं लिहावं’ असं असायला हवं होतं, कारण वरच्या पायऱ्यांवर तिथे शिकवतात ते हेच. आणि ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही.

तुमच्या-माझ्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला यायचं. पहिलीपासून इंग्रजी २०००च्या सुमारास आलं, तोवर आपण शाळेबाहेर पडत आलो होतो. पाच ते दहा, सहा वर्षं. त्यात काळ, प्रयोग, गाळलेल्या जागा आणि गाइडातली उत्तरं. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मराठीत पाठ, त्याचाच भाऊ इंग्रजीत पाठ. बी. ए. ला तुम्ही कम्पल्सरी इंग्लिशचा पेपर दिला असेल. त्यात स्वतःचं मत मांडायला किती मार्क होते, जरा आठवून बघा.

मी या देशात आले तेव्हा माझ्याकडे एम. ए. होतं आणि अशाच एका वर्गात मी फुरंगटून बसले होते. पहिला निबंध दोन पानांचा. विषय होता गावात राहावं की शहरात. मी सुरुवातीला एक सुभाषित टाकलं, मग माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याबद्दल एक परिच्छेद, मग एकीकडे असं तर दुसरीकडे तसं, आणि सगळ्यात शेवटी हळूच माझं मत. मला वाटलं, काय झकास उतरलाय. परत आला तेव्हा पहिल्या पानाच्या समासात लाल शाईत एकच प्रश्न होता: ‘तुमचं म्हणणं काय आहे?’ मी चिडले. म्हणणं शेवटी आहे ना! नंतर कळलं की मी कीर्तनाच्या चालीने लिहीत होते. आधी नमन, मग पूर्वरंग, आणि माझा मुद्दा उभा राहायचा तो बुक्का लावून झाल्यावर, उत्तररंगात. इथल्या कॉलेजातल्या वाचकाला पहिल्या परिच्छेदातच निकाल हवा असतो. मग प्रत्येक परिच्छेदात एकेक कारण, त्याला पुरावा, पुरावा कुठून घेतला ते, आणि विरुद्ध बाजूचा माणूस काय म्हणेल त्याचं उत्तर. आपली रीत वाईट आहे असं मला आजही वाटत नाही. ऐकायला ती जास्त गोड आहे. पण खेळ दुसरा असला की नियमही दुसरे.

त्याहून मोठा धक्का दुसऱ्या निबंधाला बसला. पुस्तकातलं एक सुंदर वाक्य मी जसंच्या तसं उचललं. शाळेत अशा उत्तराला बाई ‘छान’ लिहायच्या. इथे मला तासानंतर थांबवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की याला चोरी म्हणतात, पुन्हा झालं तर शून्य गुण आणि वर तक्रार. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह हवं. वाक्य बदलून कल्पना घेतली तरी मालकाचं नाव हवं. ही सवय लागायला मला अख्खं सेमिस्टर लागलं. ती यूट्यूबवरून लागली असती असं वाटत नाही, कारण यूट्यूब आपला निबंध वाचत नाही. तुमच्या यजमानांना एवढंच सांगा.

पैशाचंही त्यांना सांगा, कारण त्यांचा समज बहुधा विद्यापीठांच्या फीवरून झालाय. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (वर्गाचा भार युनिटांत मोजतात) ४६ डॉलर पडतात. पाच युनिटांचा ईएसएलचा वर्ग म्हणजे २३० डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तक. बाहेरच्यांना याच्या कितीतरी पट पडतात, म्हणून रहिवासाचे कागद नीट दाखवा. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस पुरा झाल्याचा पुरावा लागतो, तुमच्याकडे अकरा वर्षांचा आहे. ग्रीन कार्डवर सरकारी मदतीचा फाफ्सा अर्ज करता येतो, पण पेल ग्रँटवर, म्हणजे परत न करायच्या केंद्राच्या अनुदानावर, भिस्त ठेवू नका. ती पदवी नसलेल्यांसाठी असते आणि परदेशातली पदवीही पदवीच धरतात. इथे तुमची बी. ए. आडवी येते. राज्याची फीमाफी, म्हणजे कॉलेज प्रॉमिस ग्रँट, पदवी बघत नाही, घरचं उत्पन्न बघते. बे एरियातल्या एका पगारावर ती बसेल की नाही ते अर्ज केल्यावर कळेल. अर्जाला काही पडत नाही.

पण फी, पायरी, वर्ग या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला जिथे पोचायचंय तिथे हा इंग्रजीचा वर्ग लागतो का?

तुम्ही गृहीत धरलंय की आधी इंग्रजी संपवायचं, मग बालशिक्षणाकडे वळायचं. आपल्याकडे अकरावी झाल्याशिवाय बारावी नाही, तसं. इथे तसं नसतं. खासगी प्रीस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून लागायला राज्याच्या नियमाप्रमाणे बालविकासाची बारा युनिटं आणि सहा महिन्यांचा अनुभव लागतो, आणि सहा युनिटं झाली की उरलेली पुरी करत राहण्याच्या अटीवर सुरुवात करता येते. सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रांत परमिट लागतं. त्यातलं असोसिएट टीचर परमिट बारा युनिटं आणि दोन वर्षांत किमान पन्नास दिवस, दिवसाला किमान तीन तास काम, एवढ्यावर मिळतं. बारा युनिटं म्हणजे तीन-तीन युनिटांचे चार वर्ग: बाळाची वाढ, मूल-कुटुंब-समाज, अभ्यासक्रम, आणि आणखी एक. त्या प्रत्येक वर्गाखाली कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये एक ओळ असते. तिथे ‘प्रिरेक्विझिट’ असेल तर ती अट. ‘ॲडव्हायझरी’ असेल तर ती शिफारस. बालविकासाच्या सुरुवातीच्या वर्गांना इंग्रजीची बहुधा शिफारसच असते. म्हणजे दार उघडं आहे, पाटीवर फक्त लिहिलंय की छत्री आणलेली बरी.

चार वर्षांच्या सगळ्या मुलांना सार्वजनिक शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) मिळण्याचा कॅलिफोर्नियाचा टप्पा २०२५-२६ला पुरा झाला. त्यामुळे लहान मुलांत रमणाऱ्या माणसांची गरज शाळांना आहे. तिथे मुख्य शिक्षिका व्हायला मात्र पूर्ण क्रेडेन्शियल, म्हणजे राज्याचा शिक्षक-परवाना, लागतं, आणि त्या वाटेवर तुम्हाला खरोखर कॉलेजचं इंग्रजी लागेल. त्याच वेळी बी. ए.चं मूल्यांकन करून घ्यावं लागेल. तीन वर्षांच्या पदवीकडे सगळे मूल्यांकन करणारे सारख्या नजरेने पाहत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो ते परमिट देणाऱ्या कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंगच्या यादीत पाहा.

मग मी काय करीन? मी तुमच्या जागी असते तर पहिल्या सेमिस्टरला बालविकासाचा एक वर्ग घेतला असता आणि जोडीला ईएसएलचा लेखनाचा एक वर्ग. एका युनिटला आठवड्याला तीन तास धरायचे, एक वर्गात, दोन घरी. तीन युनिटांचे नऊ तास. त्यात पाच युनिटांचा ईएसएलही घेतला तर पंधराची भर, एकूण चोवीस. स्वयंपाक, मुलीची ने-आण आणि रविवारची शाळा यांत चोवीस तास कुठून येणार याचा हिशेब आधी कागदावर करा. बसत नसेल तर बालविकास ठेवा आणि इंग्रजीचा वर्ग नॉनक्रेडिट घ्या.

नॉनक्रेडिट म्हणजे तुम्ही ज्याला फुकटचा वर्ग म्हणता तो. फी नसते, ट्रान्सक्रिप्टला (गुणपत्रकाला) ग्रेडची भीती नसते, पुन्हा बसायला आडकाठी नसते. फीच्या वर्गाला तीनदाच संधी असते, नापास झालात किंवा मध्येच ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याचा शेरा) घेऊन सोडलात तर ती संधी खर्ची पडते. सेमिस्टरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत सोडलं तर मात्र फी परत आणि ट्रान्सक्रिप्ट कोरा. काही कॉलेजांत तर एकाच खोलीत, एकाच शिक्षिकेसमोर, निम्मे फीवाले आणि निम्मे बिनफीवाले बसतात. फुकटच्या वर्गाचा माझ्या मते एकच धोका आहे, आणि तो म्हणजे तो फार सुखाचा असतो. इराणी आजी, व्हिएतनामी काका, तुमच्यासारख्या दोन-तीन जणी, तासानंतर चहा. मी अशा वर्गात सहा-सहा वर्षं रमलेल्या बायका पाहिल्यात. रमणं वाईट नाही, पण तुम्हाला प्रीस्कूलमध्ये जायचंय. बाहेर पडायचं सेमिस्टर आत जातानाच ठरवा.

थेट वरच्या इंग्रजीत बसावं का? बसता येईल. २०२५च्या फॉल सत्रापासून कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत त्या वर्गाला एकच क्रमांक मिळालाय, इंग्लिश सी-१०००. एका कॉलेजात केलात तरी दुसरीकडे धरतात. काही ठिकाणी त्याला जोडून मदतीचा वर्ग असतो, आणि काही ठिकाणी त्याच वर्गाची एक तुकडी ईएसएलमधून आलेल्यांसाठी वेगळी ठेवतात. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. स्वतःची परीक्षा अशी घ्या: वर्तमानपत्रातला एक संपादकीय लेख वाचा, बंद करा, त्यात काय म्हटलंय ते सहा वाक्यांत लिहा आणि तुम्हाला ते का पटत नाही ते आणखी सहा वाक्यांत. डिक्शनरी चालेल, मुलगी चालणार नाही. पहिली सहा जमली आणि दुसरी सहा अडली, तर ईएसएलची वरची पायरी. पहिलीच सहा अडली, तर मुलीने भरलेला फॉर्म फारसा चुकला नव्हता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाराही जमली, तर सी-१०००.

माझा अंदाज मधल्या पायरीचा आहे. तुमचं मराठी पत्र मी तीनदा वाचलं. मुद्दा शेवटच्या परिच्छेदात होता.

मुलीबद्दल थोडं. चौदाव्या वर्षी आईचं इंग्रजी हसण्यासारखं वाटतं, चोविसाव्या वर्षी आपण हसलो ते आठवून रडू येतं. तिला शिकवण्या देत बसू नका. मात्र तिला निबंध दुरुस्त करायला देणं बंद करा. त्याचं कारण मान-अपमानाचं नाही. दुसऱ्याने लिहून दिलेलं, मग ती मुलगी असो की चॅटजीपीटी, वर्गात स्वतःचं म्हणून देता येत नाही, आणि दिलंत तर तुमच्या चुका शिक्षिकेला दिसतच नाहीत. बहुतेक कॉलेजांत लेखनासाठी ट्युटरिंग सेंटर असतं, विद्यार्थ्यांना त्याचे पैसे पडत नाहीत. तिथला माणूस वाक्य दुरुस्त करून देत नाही, ‘इथे तुला काय म्हणायचंय?’ असं विचारत बसतो. सुरुवातीला वैताग येतो. शिक्षिकेच्या ऑफिस अवर्सनाही जा. आपल्याकडे सरांच्या खोलीत बोलावलं की काहीतरी केलेलं असायचं. इथे ती वेळ तुमच्यासाठीच राखून ठेवलेली असते आणि बऱ्याचदा कुणीच येत नाही.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. या बाईंनी ग्रीन कार्डासाठी दहा वर्षं वाट पाहिली. त्यांना आता ते सांगून उपयोग नाही, पण ज्या आज एच-फोरवर आहेत त्यांना आहे: एच-फोरवर शिकता येतं, आणि कॅलिफोर्नियात वर्ष-दिवसाची अट पुरी झाली की एच-फोरवाल्यांनाही रहिवाशाची फी लागू शकते. सरकारी मदत तेवढी ग्रीन कार्डानंतर. न्यू जर्सी, टेक्सास, सगळीकडे नियम निराळे, तुमच्या कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला विचारा. आणि कॅनडातल्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे पर्मनंट रेसिडेंटना लिंक नावाचे सरकारी वर्ग फुकट असतात, पण नागरिकत्व घेतलं की तो हक्क जातो. शपथेच्या समारंभाची साडी निवडण्याआधी वर्ग आटपा.

आणि तुम्ही म्हणता ते ‘या वयात’. बालवाडीत आठ वर्षं ज्यांनी चपला उलट्या घातलेली, डबा न उघडता येणारी, रडून शेंबूड पुसणारी पोरं सांभाळली, त्यांना समासातल्या लाल शाईची भीती वाटावी याचं मला नवल वाटतं. मलाही वाटली होती, म्हणून जास्त बोलत नाही.

या आठवड्यात काउन्सेलरची वेळ घ्या. काउंटरवरच्या बाईंकडे परत जाऊ नका, काउन्सेलर वेगळा असतो आणि वेळ बहुधा ऑनलाइन घेता येते. जाताना बालविकासाच्या चार वर्गांची कॅटलॉगमधली पानं छापून न्या आणि ती शिफारसीची ओळ अधोरेखित करा. फॉर्म आदल्या रात्री भरा, सावकाश, प्रत्येक उतारा दोनदा वाचून. मुलगी शेजारी येऊन बसली तर तिला चहा टाकायला पाठवा.